फवारा खाली ठेवा, पिशव्या आणा

अमेरिकेत आणि कॅनडात ज्या मराठी घरांच्या मागच्या अंगणात सफरचंदाचं झाड आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बहुतेकांना हे झाड घराबरोबर मिळालेलं असतं. लावलं आधीच्या मालकाने, जात कोणती ते कुणालाच ठाऊक नसतं. पहिल्या वसंतात ते फुलांनी भरून जातं आणि त्याचे फोटो पुण्या-नागपूरच्या सगळ्या नातेवाइकांना जातात. सप्टेंबरात त्याच झाडाखाली किडक्या फळांचा सडा पडतो, त्यावर गांधीलमाश्या घोंगावतात आणि मुलांना अंगणात अनवाणी जायला मनाई होते. पुढच्या वर्षी मग हार्डवेअरच्या दुकानातून ‘फ्रूट ट्री स्प्रे’ची बाटली येते. एकदा-दोनदा फवारून झालं की काम झालं असं वाटतं. फळं त्याही वर्षी किडतात.

माझी विनंती आहे की यंदा ती बाटली आणूच नका, आणि आणली असेल तर तिला हात लावण्याआधी हे वाचा. बागायतदाराला हजारो झाडं सांभाळायची असतात, त्याचं पोट त्यावर असतं, त्याला फवारणीवाचून सहसा गत्यंतर नसतं. तुमच्याकडे एक झाड आहे, फार तर दोन. एका झाडाची फळं हाताने राखता येतात, आणि ती फवाऱ्यापेक्षा चांगली राखली जातात. हे मी अनेक घरांच्या अंगणांत पाहिलेलं आहे.

आधी शत्रू कोण ते ओळखू या. किडलेलं एखादं फळ सुरीने उभं कापून बघा. बियांपर्यंत गेलेलं रुंद भोक, त्यात भुशासारखी तपकिरी विष्ठा आणि गुलाबीसर पांढरी, तपकिरी डोक्याची अळी दिसली, तर ती कॉडलिंग मॉथ नावाच्या पतंगाची अळी आहे. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांबरोबर हा पतंग अठराव्या शतकात अमेरिकेत पोचला आणि सफरचंद जिथे जिथे गेलं तिथे तिथे तो गेला. फळाच्या आत अळी नीट दिसत नाही, पण सालीखाली केसासारख्या बारीक तपकिरी रेघा वळणं घेत गेल्या आहेत आणि बाहेरून फळाला खळगे पडले आहेत, असं असेल तर ती ॲपल मॅगट, म्हणजे इथली फळमाशी. ही मूळची अमेरिकेचीच. पूर्वी ती हॉथॉर्न नावाच्या रानझाडाच्या फळांत वाढायची, एकोणिसाव्या शतकात ती सफरचंदाकडे वळली. उत्क्रांतीचा अभ्यास करणारे आजही या माशीचा दाखला देतात. तिसरा शत्रू म्हणजे सोंडकिडा, प्लम करक्युलिओ. आंब्याच्या कोयीतला भुंगा आपल्याला माहीत असतो, त्याच कुळातला हा. पाकळ्या गळायला लागल्या की तो येतो आणि कोवळ्या फळावर चंद्रकोरीच्या आकाराची चीर पाडून तिथे अंडं घालतो. जूनमध्ये गळून पडलेल्या लहान फळांवर ही कोर स्पष्ट दिसते. रॉकी पर्वताच्या पश्चिमेला राहणाऱ्यांना याची चिंता सहसा करावी लागत नाही.

या तिघांची ओळख पटली की बाटली का फसते ते लगेच कळतं. तिघांच्या वेळा वेगळ्या आहेत. सोंडकिडा पाकळीगळीच्या वेळी येतो. कॉडलिंग मॉथची पहिली पिढी त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी अंड्यांतून बाहेर पडते, दुसरी जुलै-ऑगस्टमध्ये. फळमाशी जूनअखेरीपासून थेट सप्टेंबरपर्यंत जमिनीतून निघत राहते. कॉडलिंगची अळी अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण एका दिवसाच्या आत फळात शिरते आणि एकदा शिरली की कुठलाही फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे फवारणीने फळ राखायचं तर ती नेमक्या दिवशी, पाऊस झाला की पुन्हा, उन्हाळाभर चालू ठेवावी लागते. नोकरी सांभाळून, मुलांचे सॉकरचे सामने सांभाळून हे कुणी करत नाही. सुट्टीच्या दिवशी सवड मिळाली म्हणून मारलेला फवारा बहुतेक वेळा अळी आत गेल्यानंतरचा असतो. त्याने अळी मरत नाही, मधमाश्या आणि अळ्यांवर जगणारे मित्रकीटक मात्र मरतात.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच अळीपायी अमेरिकेने केवढी किंमत मोजली, तेही सांगायला हवं, कारण ती किंमत अजून काही अंगणांच्या मातीत पडून आहे. १८९२मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जिप्सी मॉथ या दुसऱ्या एका पतंगाविरुद्ध शिसं आणि आर्सेनिक यांचं संयुग, लेड आर्सेनेट, तयार केलं गेलं. सफरचंदाच्या बागायतदारांनी ते लगोलग उचललं आणि पुढची पन्नासेक वर्षं कॉडलिंग मॉथवर तेच मुख्य औषध राहिलं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस कोलोरॅडोतल्या अळ्यांना ते पूर्वीइतकं बाधेना, असं शास्त्रज्ञांनी नोंदवलं. उपाय म्हणून लोकांनी आणखी वेळा, आणखी दाट फवारलं. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं, १९७२मध्ये त्यावरही अमेरिकेत बंदी आली. लेड आर्सेनेटची कायदेशीर नोंदणी पूर्णपणे संपायला १९८८ उजाडलं. शिसं आणि आर्सेनिक दोन्ही मूलद्रव्यं आहेत, ती कुजत नाहीत, विघटित होत नाहीत, मातीच्या वरच्या थरातच बसून राहतात. न्यू जर्सी, मिशिगन, वॉशिंग्टन अशा राज्यांत जुन्या बागा विकल्या गेल्या आणि तिथे वसाहती उभ्या राहिल्या. तुमचं घर अशा जागेवर असेल, तर मातीची शिसं आणि आर्सेनिकसाठी तपासणी करून घ्या. राज्याच्या कृषी विद्यापीठाच्या एक्स्टेंशन ऑफिसात ती कुठे आणि कशी करायची ते सांगतात. तपासणी होईपर्यंत मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर बाहेरून आणलेल्या मातीच्या वाफ्यात लावा आणि मुलं मातीत खेळून आली की हात धुवून घ्या, चपला दाराबाहेर ठेवा. झाडावरच्या फळात ही विषं फारशी चढत नाहीत. धोका आहे तो माती तोंडात जाण्याचा.

आता हाताच्या कामांकडे येते. त्यात पहिलं आणि सर्वांत मोलाचं काम पिशव्या बांधण्याचं.

आपल्या लोकांना हे नवं नाही. कोकणात हापूसला कागदी पिशव्या घालतात, जळगावकडे केळीच्या घडांवर स्कर्टिंग बॅग चढवतात. जपानमध्ये तर सफरचंदाला पिशवी घालणं ही बागायतदारांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. पतंगाची अळी, माशी, पुढे येणारे सोंडकिडे, सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते, फळाची साल. तीच झाकली की काम झालं. कॉडलिंग आणि फळमाशी या दोघांवर एकाच वेळी, विषाचा थेंब न वापरता चालणारा याहून खात्रीचा घरगुती उपाय मला माहीत नाही.

पण पिशवीच्या आधी विरळणी करावी लागते आणि तिथेच आपला हात अडखळतो. सफरचंदाच्या एका गुच्छात पाच-सहा फुलं असतात, आणि झाडावरच्या शंभर फुलांतल्या पाच-दहा फुलांची फळं झाली तरी झाडाला पेलेल एवढं पीक होतं. बाकीची काही झाड स्वतःच जूनमध्ये टाकून देतं. ती गळ पाहून घाबरू नका, ती नैसर्गिक आहे. झाडाने टाकल्यावरही जी दाटी उरते ती तुम्ही काढायची. एका गुच्छात एकच फळ ठेवा, सर्वांत मोठं आणि बिनडागी, आणि दोन फळांत वीतभर, सहा इंच तरी अंतर राहू द्या. चांगली हिरवीगार फळं तोडून टाकताना जीव तुटतो. विशेषतः आपल्या आई-बाबांना हे अजिबात पटत नाही, ‘अगं, लागलेलं फळ कशाला तोडतेस’ असं ते म्हणतातच. त्यांना सांगा की एकमेकांना चिकटून वाढलेल्या दोन फळांच्या बेचक्यात अळीला आत शिरायला आयती जागा मिळते. शिवाय यंदा सगळी फळं ठेवलीत तर झाड दमतं आणि पुढच्या वर्षी फुलतच नाही. एका वर्षी ढीगभर आणि दुसऱ्या वर्षी काही नाही, अशी तक्रार करणाऱ्यांच्या झाडांना बहुधा कुणी विरळणीचा हात लावलेलाच नसतो.

पिशवी बांधायची वेळ फार महत्त्वाची आहे. फळ अर्धा ते पाऊण इंच झालं की लागलीच बांधायची. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडे ही वेळ मेच्या मध्यापासून अखेरीपर्यंत येते, टोरांटो किंवा मिनेसोटाकडे जूनमध्ये. तारखेवर जाऊ नका, झाडाकडे बघा. चंद्रकोरीची चीर पडलेलं फळ पिशवीत घालू नका, किडा आत आणि पिशवी बाहेर असं होईल.

पिशवी कोणती? कागदाची साधी जेवणाच्या डब्याची पिशवी चालते, जपानी पद्धतीच्या दोन पदरी पिशव्या विकत मिळतात, आणि इथल्या कित्येक विद्यापीठांच्या बागकाम सल्ल्यात सँडविचच्या झिपलॉक पिशव्या सुचवलेल्या आहेत. झिपलॉकचे खालचे दोन्ही कोपरे कात्रीने छाटा, म्हणजे आतला ओलावा आणि पावसाचं पाणी निघून जाईल. झिपच्या मधोमध देठ बसेल एवढी फट ठेवून दोन्ही बाजूंनी दाबून बंद करा. कागदी पिशवी असेल तर तोंड देठाभोवती चुणून स्टेपल मारा किंवा मऊ तारेने वळवा. देठ आवळायचा नाही, आणि पिशवीचा भार देठावर ओढला जाणार नाही हे बघायचं. सवय झाली की एका पिशवीला अर्धा मिनिटही लागत नाही. कागदी पिशवीतलं फळ फिकट राहतं, लाल रंग हवा असेल तर तोडणीच्या दोन-तीन आठवडे आधी पिशवी काढा. पारदर्शक पिशवीत रंग येतो, पण दक्षिणेकडच्या कडक उन्हात मी कागदच वापरायला सांगेन. नायलॉनची पायमोज्यासारखी आवरणंही मिळतात. त्यांनी फळमाशी बऱ्यापैकी अडते, कॉडलिंगची अळी मात्र त्यातून जाऊ शकते.

सगळ्या झाडाला पिशव्या बांधायचा हट्ट नको. जमिनीवर उभं राहून हात पोचेल तेवढ्याच फळांना बांधा. शंभर निरोगी सफरचंदं एका कुटुंबाला पुष्कळ झाली. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा घरात असतील तर हे काम त्यांना सांगा. सकाळच्या उन्हात अंगणात बसून-उभं राहून करण्यासारखं ते आहे आणि त्याचं फळ त्यांना परत जाण्याआधी खायला मिळतं. शिडीवर मात्र त्यांना चढू देऊ नका, आणि तुम्हीही कारण नसताना चढू नका.

पिशव्यांविना उरलेल्या उंच फांद्यांसाठी लाल चेंडू लावा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ रोनाल्ड प्रोकोपी यांनी दाखवून दिलं की अंडी घालायला निघालेली फळमाशी फळ शोधते ते डोळ्यांनी. हिरव्या पानांत गडद लाल, गोल, मोठं काही दिसलं की ती त्यावर येऊन बसते. म्हणून साधारण सव्वातीन इंचाचा लाल चेंडू घ्यायचा, त्याला न वाळणारा चिकट लेप लावायचा आणि जूनअखेर तो झाडावर टांगायचा. माशी जमिनीतून निघाल्यावर अंडी घालण्याइतकी पक्व व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. त्या मुदतीत चेंडू लागलेला असला पाहिजे. लहान झाडाला एक-दोन, मोठ्याला चार-सहा. चेंडूच्या आजूबाजूची फूटभर पानं काढा, नाहीतर माशीला तो दिसणारच नाही. महिन्यातून एकदा-दोनदा तो खरवडून पुन्हा लेप लावा.

इथे एक खुलासा करते, कारण सुट्टीत कोकणातून परतताना कुणीतरी हमखास सापळा घेऊन येतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आंब्यावरच्या फळमाशीसाठी उत्तम आहे, पण त्यातल्या मिथाईल युजेनॉलच्या वासाला तिकडच्या माशीचे नर भुलतात, सफरचंदावरची ही माशी भुलत नाही. तसंच कॉडलिंग मॉथच्या कामगंध सापळ्यांचं. त्यात फक्त नर अडकतात. पतंग आले की नाहीत हे कळायला ते उपयोगी आहेत, पण एका झाडावर ते टांगून कीड आटोक्यात येईल असं समजू नका.

आता ज्या कामाला एक पैसाही लागत नाही आणि जे सर्वांत जास्त टाळलं जातं, त्याबद्दल. पडलेली फळं उचला. रोज जमलं तर रोज, नाहीतर दर दोन-तीन दिवसांनी. फळमाशीची अळी फळ पडल्यानंतर त्यातून बाहेर येते, मातीत शिरते, तिथे कोषात हिवाळा काढते आणि पुढच्या जुलैत तुमच्याच झाडावर परत येते. काही कोष तर दोन हिवाळे मातीत राहतात. तुम्ही फळ उचललंत की ती साखळी तिथेच तुटते. उचललेली फळं घरच्या कंपोस्टात टाकू नका, अळ्या मरण्याइतका तो तापत नाही. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा आणि मग कचऱ्यात द्या. विरळणीत तोडलेली किंवा जुलैत पडलेली कच्ची फळं स्वच्छ असतील तर त्यांचा मेथांबा करा. कैरी न मिळणाऱ्या गावांत कितीतरी मराठी घरांनी आंबट सफरचंदावर मेथांब्याची आणि लोणच्याची हौस भागवलेली आहे.

कॉडलिंगची अळी फळ सोडल्यावर खोडाकडे जाते आणि सुट्या सालीखाली रेशमी कोष विणून बसते. तिथे तिला पकडता येतं. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याची वीतभर रुंद पट्टी नाल्या आतल्या बाजूला ठेवून जूनच्या मध्याला खोडाभोवती बांधा. दर आठवड्याला उघडून आतल्या अळ्या चिरडा. ऑगस्टमध्ये नवी पट्टी बांधा, थंडी पडली की काढून नष्ट करा. एकट्या पट्टीने झाड स्वच्छ होत नाही, पण पुढच्या वर्षीची पैदास कमी होते.

ही सगळी मेहनत आपल्या एका झाडापुरती आहे असं मानू नका. ब्रिटिश कोलंबियाच्या ओकानागन खोऱ्यात १९९०च्या दशकापासून अनेक वर्षं प्रयोगशाळेत वांझ केलेले कॉडलिंग पतंग लाखोंनी सोडले गेले. त्या योजनेत घरांच्या अंगणातली झाडंही तपासली जातात, कारण एक बेवारशी झाड आजूबाजूच्या बागांना पुरेशी कीड पुरवू शकतं. वॉशिंग्टन राज्यात फळमाशी असलेल्या जिल्ह्यांतून ती नसलेल्या जिल्ह्यांत घरची सफरचंदं न्यायला बंदी आहे, महामार्गांवर तशा पाट्या लागलेल्या आहेत. सिॲटल-बेलव्ह्यूच्या मंडळींनी कॅस्केड पर्वतापलीकडे सहलीला जाताना घरची सफरचंदं डब्यात बांधून घेऊ नयेत. तिकडे हजारो कुटुंबांचा संसार या पिकावर चालतो.

याच कारणाने एक कटू गोष्टही सांगते. तुमचं झाड तीस-चाळीस फूट वाढलेलं असेल, कुणाचा हात पोचत नसेल आणि छाटणी करायची तयारी नसेल, तर ते काढून टाका. किडक्या फळांचा कारखाना अंगणात ठेवण्यात झाडावरचं प्रेम नाही. त्या जागी बुटक्या खुंटावर कलम केलेलं नवं झाड लावा, जे तुमच्या डोक्याच्या थोडंसंच वर जाईल. लावताना जात बघून घ्या. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हाच्या कृषी संशोधन केंद्राने १९७८मध्ये दिलेली लिबर्टी, तसेच एंटरप्राइझ आणि गोल्डरश या जाती स्कॅब या बुरशीला दाद देत नाहीत. स्कॅबमुळे पानांवर आणि फळांवर काळपट खरबरीत डाग पडतात आणि ही बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते. जात रोगप्रतिकारक नसेल तर शरद ऋतूत पानं झाडून न्या. तेवढ्याने अर्धं काम होतं. बाकी डाग असलेलं फळ खायला काही हरकत नाही, साल काढा आणि खा.

कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर पाण्याचा जोराचा झोत पुरतो. मग लेडीबग येतात आणि उरलेलं काम करतात. फांद्यांवर राखेच्या खपल्यांसारखी खवले कीड असेल, तर हिवाळा संपता संपता, कळ्या उमलण्याआधी हॉर्टिकल्चरल ऑइल मारा. सॅन होजे स्केल हे तिचं नाव कॅलिफोर्नियातल्या त्याच गावावरून पडलं आहे जिथे आज इतकी मराठी कुटुंबं राहतात, आणि पुढे ती काश्मीर-हिमाचलच्या बागांपर्यंत पोचली. हरणांना आणि खारींना जाळीशिवाय उपाय नाही.

कडुनिंबाबद्दल मला नेहमी विचारलं जातं. निंबाचं तेल माव्यासारख्या मऊ अंगाच्या किडीवर चालतं, फळात शिरलेल्या अळीवर चालत नाही. ते वापरायचंच असेल तर झाडांसाठी म्हणून नोंदणी झालेलं घ्या आणि संध्याकाळी मारा, भर उन्हात पानं करपतात. व्हॉट्सॲपवर फिरणारा दशपर्णी अर्क इथे करत बसू नका, त्यातल्या निम्म्या वनस्पती इथे मिळत नाहीत आणि तोही फळाच्या आत पोचत नाही. भारतातून कीटकनाशकाच्या पुड्या, बाटल्या, खडू सामानात घालून आणू नका. मुंग्या-झुरळांचा तो खडू अमेरिकेत बेकायदेशीर आहे, आणि लहान मुलाला तो फळ्यावरचा खडू वाटतो. ओन्टारियोत तर २००९पासून घरगुती बागेत शोभेखातर कीटकनाशकं वापरण्यावर कडक निर्बंध आहेत.

एवढं करूनही काही फवारायची वेळ आलीच, तर आधी केओलिन माती वापरा. पांढरी बारीक माती पाण्यात कालवून पाकळीगळीपासून पिशव्या बांधेपर्यंत फळांवर तिचा पातळ थर ठेवला की सोंडकिडा बिचकतो. पाऊस पडला की पुन्हा मारावी लागते, फळ धुतलं की निघून जाते. रासायनिक औषधापर्यंत गेलात तर लेबल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. इथे लेबलवर लिहिलेलं पाळणं कायद्याने बंधनकारक आहे. सफरचंदाचं नाव त्यावर आहे का, तोडणीआधी किती दिवस थांबायचं, हे बघा. आणि झाड फुलावर असताना काहीही मारू नका. सफरचंदाला दुसऱ्या जातीच्या झाडाचे पराग लागतात, ते मधमाश्याच आणतात. कार्बारिल असलेली औषधं मधमाश्यांना घातक आहेत, आणि पाकळीगळीनंतरच्या आठवड्यांत मारली तर कोवळी फळंही गळतात. झाडाखाली डँडेलायन फुललेले असतील तर आधी गवत कापा, कारण फुलोरा संपल्यावर मधमाश्या तिथे उतरलेल्या असतात.

अडलं तर आपल्या कौंटीच्या एक्स्टेंशन ऑफिसला फोन करा. रटगर्स, कॉर्नेल, पेन स्टेट, मिशिगन स्टेट अशा विद्यापीठांची ही सेवा सामान्य माणसासाठीच आहे. तिथले मास्टर गार्डनर स्वयंसेवक कापलेल्या फळाचा फोटो पाहून कीड ओळखून देतात. आपल्या लोकांना या सेवेची माहिती फार कमी आहे.

पाकळ्या गळून गेल्या असतील आणि फळं बोराएवढी झाली असतील, तर येत्या शनिवारी कात्री आणि पिशव्यांचं एक पाकीट घेऊन झाडाखाली जा. शेजारी झाड असेल तर त्या घरालाही सांगा, दोघांच्या झाडांवरची माशी एकच आहे. महाराष्ट्र मंडळात कुणाकडे झाड आहे आणि कुणाकडे वेळ आहे याची गाठ घालून द्या. फळ सुपारीएवढं व्हायच्या आत पिशवी बांधून झाली पाहिजे. त्यानंतर बांधलेल्या पिशवीत अळी आधीच शिरलेली असण्याची शक्यता फार.